नऊ मेंढ्या, एक टेम्पो आणि सी विंगचं गवत

ताजी बातमी आधी देते. मुलुंडच्या एका सोसायटीत सी विंगसमोरच्या पट्ट्यातलं गवत काल संध्याकाळी खानोलकरकाकांच्या घोट्याला लागलं. नंदा गायकवाडने फोन करून मला हे कळवलं. सोसायटीचे सेक्रेटरी करमरकर यांनी "खरं आहे, पण लेखी देणार नाही" असं म्हणून दुजोरा दिला. खुद्द खानोलकरकाकांनी चप्पल काढून घोट्याचा फोटो पाठवला आहे. फोटो हललाय, पण गवत दिसतं.

आता हे गवत कुठलं, घोटा त्यांचाच का आणि या सगळ्यात मी कशी, ते पहिल्यापासून सांगते. मेंढ्या घेऊन उपनगरांतून प्रवास करायचा कुणाच्या मनात असेल, तर त्याला रस्त्याची माहितीही होईल.

नंदा आणि मी एकाच वर्तमानपत्रात कितीतरी वर्षं काढली. मी बातम्या लिहायचे, ती पानं लावायची. नोकरी सुटल्यावर मी वाकोल्याच्या घरी बसून हा ब्लॉग लिहायला लागले आणि नंदाने नऊ मेंढ्या घेतल्या. तिचा भाऊ भीमराव जालन्याजवळ राहतो. त्याला कळप मोडायचा होता. बाकीच्या गेल्या, या नऊ विकायच्या वेळी नंदा तिथे होती. ती म्हणते, तिने फार विचार केला नाही. यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

मुंबईत मेंढ्या चारायच्या कुठे? एका जागी ठेवल्या तर त्या गवत मुळापर्यंत खातात, कोवळा कोंब वर आला की तोही खातात आणि थोड्याच दिवसांत खाली नुसती माती उरते. म्हणून कुरण वाटून घ्यायचं. एका तुकड्यात थोडे दिवस चारायचं, गवत संपायच्या आत कळप पुढे न्यायचा आणि मागच्या तुकड्याला विश्रांती द्यायची. तेवढ्यात मुळं सावरतात, लेंड्या मातीत मुरतात आणि गवत पहिल्यापेक्षा दाट येतं. नंदाचे नियम दोनच. गवत घोट्याच्या वर आलं की मेंढ्या आत. गवत चार बोटं उरलं की मेंढ्या बाहेर.

"पानासारखंच आहे गं," ती मला म्हणाली होती. "मजकूर ठासून भरला की पान मरतं. जागा सोडावी लागते."

फक्त तिच्याकडे कुरण नव्हतं. मग तिने चार उपनगरांत चार तुकडे मिळवले. अंधेरीत बंद पडलेल्या कारखान्याचं आवार, घाटकोपरला टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा उतार, बोरिवलीला एक रिकामा प्लॉट आणि मुलुंडच्या सोसायटीचं मैदान. चार तुकडे असले तर प्रत्येकाला पुरेशी विश्रांती मिळते. त्यातला एक गेला की बाकीच्या तिन्हींवर ताण येतो आणि सगळं गणित कोसळतं.

गणपती उठून आठवडा झाला होता तेव्हा नंदाचा फोन आला. मुलुंडच्या सोसायटीने रविवारच्या वार्षिक सभेत विषय ठेवला होता: मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग करणे. भीमरावने तिला सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. जमत नसेल तर मेंढ्या परत पाठव, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक कसलं, हे दोघींनाही माहीत होतं.

"तू ये ना वैजू," नंदा म्हणाली. "शनिवारी बोरिवलीहून मेंढ्या मुलुंडला न्यायच्यात. रविवारी सभा. तुला बोलता येतं, मला नुसतं मोजता येतं."

शनिवारी सकाळी निघाले. वाकोल्याहून हायवेला येऊन बोरिवलीची बस पकडली. बसायला जागा मिळाली, ही या प्रवासातली शेवटची साधी गोष्ट.

बोरिवलीचा प्लॉट दोन भावांचा आहे आणि त्यांचा कज्जा चालू आहे. त्यामुळे तिथे कुणालाच काही बांधता येत नाही आणि गवत उत्तम वाढतं. प्लॉटला दोन फाटकं आहेत. एका फाटकावर थोरल्या वहिनी चहा देतात, दुसऱ्यावर धाकट्या. दोन्हीकडचा घ्यावा लागतो, नाहीतर दुसरी बाजू ते लक्षात ठेवते. नवख्या माणसाने रिकाम्या पोटी जावं.

"आमच्या अर्ध्यात जास्त खाल्लंय त्यांनी," थोरल्या वहिनी मेंढ्यांकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"छान झालं की वहिनी," नंदा म्हणाली. "तुमच्याकडे लेंड्याही जास्त पडल्या."

हे त्यांना पटलं. जाताना त्या मला हळूच म्हणाल्या, "तिकडे सांगू नका हं."

टेम्पो अस्लमभाईंचा. अर्ध्या दिवसाचा भाव, वर टेम्पो धुण्याचे वेगळे. मेंढ्यांचा टेम्पो ठरवताना धुण्याचं आधी बोलून घ्या, नंतर वाद होतो. मी विचारलं, यापूर्वी कधी मेंढ्या नेल्यात का?

"मॅडम, अपने टेम्पोत फ्रिज गेला, सोफा गेला, एकदा पूर्ण वरात गेली," ते म्हणाले. "मेंढी काय, शांत पॅसेंजर. वरातवाले दरवाजा तोडून गेले."

बोरिवलीहून मुलुंडला घोडबंदरवरूनही जाता येतं. पण अस्लमभाईंनी त्या रस्त्याचं नाव काढताच तिथले खड्डे आठवून स्वतःच्या कमरेला हात लावला. मग हायवेने गोरेगावपर्यंत, तिथून पूर्वेला आत वळून पवई आणि पुढे एलबीएस रोडने मुलुंड, असं ठरलं. नंदा पुढे बसली, मी मधे. मेंढ्या मागे हिरव्या जाळीखाली. सिग्नलला थांबलो की शेजारच्या रिक्षातले लोक मान वाकवून बघायचे. एका बाईंनी विचारलं, "कुठे निघाल्या?" मी म्हटलं, मुलुंडला. "नाही, मेंढ्या," त्या म्हणाल्या.

गोरेगाव पूर्वेला वडापावसाठी थांबलो आणि परत निघताना अस्लमभाईंनी एक वळण आधी घेतलं. समोर स्टुडिओचं गेट. ते टेम्पो मागे घेणार इतक्यात वॉचमन शिट्टी वाजवत धावत आला.

"आले का? चला, चला, आत घ्या. तिकडे बोंबाबोंब चाललीये!"

"अहो, आम्ही..." नंदा म्हणाली.

"तेच तेच. गावाचा सेट. सरळ जाऊन डावीकडे."

मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत उभ्या होत्या. आत जाण्यावाचून इलाज नव्हता. सरळ जाऊन डावीकडे खरोखरच एक गाव होतं. पुठ्ठ्याचं देऊळ, आतून पोकळ विहीर आणि घामाघूम झालेला एक सहायक दिग्दर्शक.

"पंधरा सांगितल्या होत्या. नऊच?"

"नऊच आहेत," नंदा म्हणाली. खरं बोलायची तिला सवय आहे.

"वाट लागली. बरं, राहू दे, क्लोजमध्ये मारू. पहिलं त्यांना हिरवळीवर सोडा."

मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण अस्लमभाईंनी टेम्पोचा मागचा फळका पाडला होता. मेंढ्या उतरल्या, हिरवळीवर गेल्या, वास घेतला आणि माना वर करून उभ्या राहिल्या. गालिच्यासारखं गवत होतं ते. प्लास्टिकचं.

"खात का नाहीत?" सहायक दिग्दर्शकाने विचारलं.

"खोटं आहे," नंदा म्हणाली.

"ताई, इथे सगळंच खोटं आहे. विहीर बघा. कुणी तक्रार केली का?"

नंदा वाकून त्या गवताची उंची बघायला लागली. मी तिला विचारलं, काय करतेयस? "चार बोटंच आहे," ती म्हणाली. "तसंही इथे चारता आलं नसतं."

शेवटी खऱ्या पंधरा मेंढ्यांचा टेम्पो मागून आला आणि उलगडा झाला. कुणी रागावलं नाही. तोवर आमची जेवणाची कुपनं फाडून झाली होती. वरण-भात, बटाट्याची भाजी आणि जिलेबी. स्टुडिओत चुकून शिरलात तर जेवणाच्या सुमारास शिरा.

मुलुंडला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सोसायटी डोंगराच्या बाजूला आहे. तीन विंगा आणि मधे मैदान. इथे घोळ काय झाला होता, तो सांगायला हवा, कारण असा घोळ मुंबईच्या सोसायटीतच होऊ शकतो.

नंदाने पहिल्यांदा समितीला समजावलं तेव्हा 'रोटेशन' हा शब्द वापरला. समितीतले सगळे एकदम समाधानाने मान हलवायला लागले. रोटेशन त्यांना माहीत होतं. पार्किंगचं असतं ते. करमरकरांनी मैदानाचे तीन सारखे पट्टे केले, ए, बी आणि सी, आणि प्रत्येक विंगला मेंढ्यांचे सारखे दिवस लावून नोटीस बोर्डावर तक्ता टांगला. मेंढ्या ठेवायच्या कुठल्या सदरात, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी त्या पार्किंगच्या सदरात घातल्या. दुसरं सदर नव्हतं.

ए आणि बी विंगचे पट्टे उन्हातले. सी विंगचा पट्टा इमारतीच्या सावलीत, तिथे गवत हळू येतं. तक्त्याप्रमाणे मेंढ्या तिथेही तेवढेच दिवस राहिल्या आणि सी विंगसमोर टक्कल पडलं. नंदाने समितीला सांगितलं की पाळी तारखेने नाही, गवताने ठरते.

"गवताला सभासदत्व नाही," करमरकर म्हणाले होते.

मग नंदाने आपला उपाय केला. सी विंगच्या पट्ट्याभोवती दोरी बांधली आणि वॉचमनकडून एक पाटी मागून तिला अडकवली: 'लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे'. महिनाभर समजावून जे झालं नव्हतं ते त्या पाटीने केलं. पट्ट्यावरून मधली वाट काढणारे लोक निमूट वळसा घालून जायला लागले. मी तिथे उभी असताना एका आजोबांनी पाटी वाचली, गवताकडे बघितलं आणि विचारलं, "कधी चालू होणार?"

"बघू, सुटा भाग यायचाय," वॉचमन म्हणाला.

फक्त एक माणूस या पाटीला बधला नव्हता. आम्ही मेंढ्या ए विंगच्या पट्ट्यात सोडत होतो तेवढ्यात ते सी विंगच्या जिन्यातून उतरले. बनियन, लेंगा, हातात गाडीची किल्ली, तोंडात मालवणी. खानोलकरकाका.

"परत ए विंग? आमच्या विंगेत मेंढरां कित्याक नाय?"

"काका, गवत नाहीये ना तिथे," नंदा म्हणाली.

"माका मेंढरां नकोच आसत. वास मारतत. पण ए विंगेक मिळतत तर आमकां पण मिळाक होयी. मेंटेनन्स आमी पण भरतंव."

खानोलकरकाका नऊ वर्षं पार्किंगच्या वेटिंग लिस्टवर पहिले आहेत. पहिल्या नंबरवर असणारा माणूस इतकी वर्षं पहिलाच राहतो, कारण या सोसायटीत कुणी घर विकत नाही आणि गाडीही विकत नाही. त्यांची गाडी बाहेर रस्त्यावर उभी असते. तिचा आरसा दोनदा गेलाय. मैदानावर पेव्हर ब्लॉक आले की बारा नव्या जागा होणार होत्या. सी विंगची बहुतेक मतं काकांच्या हातात, आणि ते कुठे मत देणार हे उघड होतं.

रात्री मी नंदाच्या मैत्रिणीकडे जवळच मुक्काम केला. नंदा सोसायटीच्या आवारात मेंढ्यांजवळ थांबली होती. सकाळी गेले तेव्हा ती एका मेंढीच्या कानामागे खाजवत बसली होती. भीमरावचा मेसेज आला होता: काय ठरलं? तिने उत्तर दिलं नव्हतं.

"दिलं की खरं होईल," ती म्हणाली. मला बोलता येतं म्हणून तिने आणलं होतं, आणि आदल्या दिवसापासून मी एक वाक्य धड बोलले नव्हते.

सभा इमारतीखालच्या मोकळ्या स्टिल्टमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. वेळेवर गणपूर्ती झाली नाही. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली आणि तेवढेच लोक त्याच खुर्च्यांवर बसून राहिले. अर्ध्या तासाने सभा परत सुरू झाली. आता गणपूर्ती लागत नव्हती. मधल्या वेळात बटाटेवडे आले. त्यांचं मी मनापासून कौतुक करते.

करमरकर उभे राहिले. मैदानाच्या कामासाठी तीन कोटेशनं मागवली होती, कारण कुठल्याही कामाला तीन लागतात. एक पेव्हर ब्लॉकवाल्याचं. दुसरं एका माळ्याचं, तो मशीनने गवत कापून देणार होता. तिसरं मिळेना म्हणून त्यांनी मेंढ्यांचं लावलं होतं.

"तिसऱ्या पार्टीने जीएसटी नंबर दिलेला नाही," खजिनदार म्हणाले.

नंदा उठली. तिने सांगितलं की ए विंगसमोरचं गवत मागच्यापेक्षा दाट आलंय. सरीवर सरी आल्या तेव्हा बाजूच्या सोसायटीत पाणी तुंबलं, इथे मुरलं. सी विंगच्या पट्ट्यालाही नुसती विश्रांती हवी आहे. ती चांगलं बोलली. लोकांनी ऐकलं आणि वडे खाल्ले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "ते सगळं ठीक आहे हो, गाडी कुठे लावू?" आणि सगळे हसले.

करमरकरांनी ठराव वाचला. वाचता वाचता पुढचं कलमही वाचलं: "नवीन होणाऱ्या बारा जागा या नवीन असल्याने सर्व इच्छुक सभासदांमध्ये चिठ्ठ्या टाकून देण्यात येतील."

खानोलकरकाकांचा वडा तोंडापर्यंत गेला होता. तो तिथेच थांबला.

"चिठ्ठये? आणि माझो नंबर?"

"वेटिंग लिस्ट जुन्या जागांसाठी आहे काका. नव्या जागांना नवी सोडत."

"म्हणजे नऊ वर्सां मी पयलो उबो आसंय, आणि काल गाडी घेतलेलो तो बी विंगेचो झील माझ्यावांगडा चिठ्ठी टाकतलो?"

"नियम आहे."

काका वडा खाली ठेवून उभे राहिले. "मगे माका पेव्हर नको. मेंढरां ऱ्हवांदेत."

सी विंग काकांच्या मागे उभी राहिली. करमरकरांनी परत परत मोजलं, पण उत्तर तेच आलं. पेव्हर ब्लॉकचा ठराव पुढच्या वार्षिक सभेपर्यंत बाजूला ठेवण्यात आला. मी नंदाकडे बघितलं. ती खुर्चीची कड धरून बसली होती.

पण काकांचं संपलं नव्हतं. "एक अट आसा. आज मेंढरां सी विंगेत जावक होयी. आत्ताच."

हे झालं असतं तर सगळंच बुडालं असतं. तिथे जेमतेम दोन बोटं गवत होतं. तेवढं उपटलं गेलं असतं तर तो पट्टा वर्षभर उठला नसता आणि पुढच्या सभेत पेव्हरवाल्याला आयतीच माती मिळाली असती. करमरकर लिहून घ्यायला लागलेही. नंदा पटकन पुढे झाली.

"काका, सी विंगचं गवत वेटिंगवर आहे," ती म्हणाली.

काका थांबले.

"पहिला नंबर आहे त्याचा. पण जागा झाल्याशिवाय पहिल्या नंबरलाही आत घेता येत नाही ना? घोट्याला लागलं की नंबर आला."

"आणि मधीच कोणी घुसलो तर?"

"नाही घुसणार. म्हणून तर दोरी बांधलीये."

"नक्की? नायतर नऊ वर्सां..."

"नक्की काका. दोन-तीन आठवडे फार तर. पाऊस आहे अजून."

खानोलकरकाका खाली बसले. वेटिंग म्हणजे काय, हे त्या सभेत त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. "ऱ्हवतंव," ते म्हणाले. मग करमरकरांनी विचारलं की ठरावात घोटा लिहायचा तर कोणाचा? घोटे निरनिराळ्या उंचीवर असतात. पंधरा मिनिटं चर्चा झाली आणि सी विंगचे ज्येष्ठ सभासद या नात्याने खानोलकरकाकांचा घोटा प्रमाण मानावा, असं एकमताने ठरलं.

बाहेर येऊन नंदाने भीमरावला फोन लावला. "गिऱ्हाईकाला नाही म्हणून सांग," ती म्हणाली. तिकडून काहीतरी विचारणा झाली. "नाही रे, पटवून वगैरे नाही. पार्किंगमुळे." बराच वेळ ती ते समजावत राहिली. शेवटी म्हणाली, "तू ये एकदा, बघ." आणि फोन ठेवून तोंड पुसलं.

संध्याकाळी घाटकोपरला येऊन मेट्रोने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या स्टेशनवर उतरले आणि रिक्षाने वाकोल्याला घरी आले. माझ्या पिशवीला मेंढ्यांचा वास होता. मुलगी म्हणाली, आई, हे धुऊनच आत आण.

त्यानंतर मी कुठेही गेले तरी आधी खाली बघते. डिव्हायडरवरचं गवत, शाळेच्या मागचा कोपरा, बंद दुकानाच्या पायरीशी उगवलेला झुपका. दोन बोटं, चार बोटं, घोटा. कुठे माणसं तुडवून गेलीत आणि कुठे जरा मोकळं सोडलंय, ते कळायला लागलंय. याचा मला काही उपयोग नाही. पण प्रवासातून घरी काय आणलं, असं विचाराल तर एवढंच. आणि हो, नंदाला बोलता येतं. पुढच्या वेळी मी नुसते वडे खायला जाणार आहे.

मेंढ्या सध्या अंधेरीत आहेत. येत्या रविवारी सकाळी अस्लमभाईंचा टेम्पो त्यांना घेऊन मुलुंडला जाईल, लिफ्टची पाटी काढली जाईल आणि कळप पहिल्यांदा गवताच्या हिशोबाने सी विंगच्या पट्ट्यात शिरेल. चार बोटं उरेपर्यंतच तिथे राहील. बोटं कोणाची, हे अजून ठरायचं आहे.

शिवाय डॉक्टरांनी परवा एक मेंढी तपासली. दिवाळीच्या आसपास ती व्यायची आहे. करमरकरांनी दहाव्या मेंढीसाठी वेगळी परवानगी लागेल का, हा विषय समितीपुढे ठेवलाय. खानोलकरकाकांनी आधीच कळवलंय की कोकरू सी विंगमध्येच व्हायला हवं. नंदाने त्यांना सांगितलंय, ते त्या वेळी गवत कुठे असेल त्यावर आहे. काका रोज सकाळी खाली उतरून बघतात.